लाल स्क्रीन, मेलेला खलनायक आणि ममताच्या अक्षता

एडिटिंगच्या दुकानात फुटेजपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फुटेज करप्ट होतं, किस्से होत नाहीत! नागभीडला शकीलभाईंच्या स्टुडिओत मी लग्नं कापायला बसते. म्हणजे एडिट करते हो. शकीलभाई मालक, मोरूभाऊ कॅमेरामन आणि मी 'एडिटरबाई', अशी आमची तिघांची फौज. शकीलभाईंना आयुष्यात भीती एकाच गोष्टीची. ते रोज एकदा तरी म्हणतात, "बाई, मशीन बिघडन, सॉफ्टवेअर बिघडन, बिघडू दे. पन कोनाचं लग्न आपल्या हातून हरवलं नाई पायजे!"

तेवढ्या एका भीतीपायी आमच्याकडे काय काय घडलंय ते सांगते.

*

आलापल्लीकडच्या एका स्टुडिओवाल्याचा फोन आला. आवाज रडवेला. "बाई, अख्खं लग्न लाल झालं! स्क्रीनवर नुसतं 'मीडिया ऑफलाइन' दिसून राह्यलं."

मी म्हटलं, "घाबरू नका. कॉम्प्युटरला फुटेज सापडलं नाही की असंच दिसतं. फुटेजची हार्ड डिस्क लावलीय ना?"

"नाई ना. तुमीच तं सांगितलं होतं, डेटा एकदम सेफ ठेवा."

"मग कुठे आहे डिस्क?"

"कपाटात. मंगळसूत्राच्या डब्यात."

"अहो, मग काढा आणि जोडा!"

"कशी काढू? चाबी बायकोजवळ हाये, अन् बायको माहेरी हाये!"

मी म्हटलं, तुमची सिस्टिम एकदम ठीक आहे, फक्त वहिनींना घेऊन या.

*

झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीने आख्खं नाटक शूट करून घेतलं. कॅमेरा काय करतो, लांब रेकॉर्डिंगचे आपणच तुकडे पाडतो आणि त्यांना नंबर देतो. नंबर संपले की गडी पुन्हा एकपासून सुरू! त्यामुळे नाटकाचे शेवटचे तुकडे कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात आधी जाऊन बसले. मोरूभाऊंनी सगळे तुकडे त्याच क्रमाने ओळीने लावले आणि कंपनीच्या मालकाला बोलावून दाखवले.

सुरुवातीलाच खलनायक गोळी लागून मेला. तिसऱ्या अंकात तोच लावणीवर शिट्ट्या मारतोय! मी कपाळाला हात लावला. मालक मात्र स्क्रीनवरून नजर काढेना.

"भाऊ, चूक झाली. आत्ता दुरुस्त करते," मी म्हटलं.

"काहाले? राहू द्या! आमी लिहिलं त्याच्यापेक्षा हे भारी हाये!"

*

दसऱ्याला आमच्याकडे कॅमेरा, कॉम्प्युटर, हार्ड डिस्क या सगळ्यांची पूजा होते. पूजेचा आग्रह शकीलभाईंचा. नारळ तेच आणतात आणि मोरूभाऊंना ओरडतात, "फूल कॅमेऱ्याले वाह्यलं, ट्रायपॉडले काऊन नाई? त्याले राग नाई येत का?"

एका वर्षी दसऱ्यानंतर कॉम्प्युटरने छळ मांडला. एक्स्पोर्ट लावलं, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला घेतला, की अर्ध्यावर मशीन बंद! मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, ड्रायव्हर बदलले, सेटिंग्ज उलटीपालटी केल्या. काही फरक नाही. शेवटी कॉम्प्युटरचा डबाच उघडला. आतल्या पंख्यात हळदीचे तांदूळ आणि आपट्याची पानं गच्च अडकलेली! पंखा फिरणार कसा, आणि मशीन तापणार नाही तर काय होणार?

मोरूभाऊ शांतपणे म्हणाले, "बाहेरून तं सगळेच पूजा करते, बाई. काम तं आतमंदी होते ना!"

तेव्हापासून पूजेच्या दिवशी कॉम्प्युटरवर मी टॉवेल टाकते. मोरूभाऊ टॉवेललाही हळद लावतात ते सोडा.

*

शकीलभाईंच्या भाच्याचा निकाह. घरचंच काम, म्हणून चित्र कॅमेऱ्यावर आणि आवाज मोबाइलवर घेतला. दोघांचा वेग जुळेना. आवाज हळूहळू चित्राच्या पुढे पळायला लागला आणि नेमक्या मोक्याच्या जागी पार पुढे गेला. काजीसाहेब अजून घसा खाकरतायत, तोवर पोरगा म्हणतोय, "कबूल है!"

सगळं खानदान दुकानात बघायला जमलेलं. बायका पदर तोंडाला लावून हसतायत, नवरदेवाचे कान लाल. मी म्हटलं, "आवाज सरकलाय, आत्ता जाग्यावर आणते."

"खबरदार हात लावशीन तं!" शकीलभाई म्हणाले. "घाई इतकीच होती त्याले. आता कुठी खरं रेकॉर्डिंग दिसलं!"

*

जंगल खात्यातले एक साहेब ट्रॅप कॅमेऱ्याची क्लिप घेऊन आले. वाघ आपला शांतपणे चालत आला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि निघून गेला. साहेबांना कार्यक्रमात दाखवायला डरकाळी हवी होती.

मी सांगितलं, "साहेब, डरकाळी टाकता येईल, पण वाघाचं तोंड बंद आहे."

"मग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा ना!"

मी काही बोलायच्या आत शकीलभाई हात जोडून पुढे झाले. "उघडतो साहेब. पन बंद तुमीच करा बरं!"

*

आता ममताचं लग्न.

आमच्याकडे लग्न उन्हाळ्यात होतं आणि 'कॅसेट' दिवाळीत मिळते. हो, पेनड्राइव्हमध्ये दिली तरी ती कॅसेटच! ममता चिमूरकडची, नवरा विलास इथला नागभीडजवळचा. त्यांच्या लग्नाचं मेमरी कार्ड मोरूभाऊंनी कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटरने विचारलं, फॉरमॅट करू का? मोरूभाऊ भला माणूस. त्यांना आजवर कुणालाच नाही म्हणता आलेलं नाही. ते हो म्हणाले!

कार्ड कोरं झालं. शकीलभाई खुर्चीत बसले ते उठेचनात. मी रिकव्हरी लावली. हळद सापडली, वरात सापडली, पंगत सापडली, बिदाईसुद्धा सापडली. मंगलाष्टकांचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर होता, तो शाबूत होता. पण अंतरपाट ते हार, म्हणजे जे खरं लग्न, तिथे स्क्रीनवर नुसते हिरवे चौकोन.

"खरं सांगून टाकू," शकीलभाई म्हणाले आणि गाडीला किक मारली.

परत आले ते वेगळीच बातमी घेऊन. ममता भांडून माहेरी गेलेली. भांडण कशावरून, ते दोन्हीकडे कुणालाच धड सांगता येईना. पण विलासचे बाबा म्हणत होते, "गेली तशी येईन." आणि ममताचे बाबा म्हणत होते, "घ्याले येतीन तवाच पाठवीन." सगळं तिथेच अडून बसलेलं. पोर मात्र दिवसेंदिवस वाळत चाललेली, असं तिची आई पदराआडून सांगत होती.

"मंग काय ठरलं, भाई?" मोरूभाऊंनी भीत भीत विचारलं.

"ठरलं काय? अक्षता पुन्हा शूट करा लागते. नवरदेव, नवरी, दोन्ही बाप, सगळे पायजे. सांगून आलो दोन्ही घरी."

धान कापणीच्या दिवसांत आम्ही ममताच्या अंगणात कॅमेरा लावला. विलास लग्नातलीच शेरवानी घालून आला होता. ममता शालू नेसून दारात आली, त्याच्याकडे न बघता. दोन्ही बाप अंगणाच्या दोन टोकांना, पाठ करून उभे. अंतरपाट कोण धरणार, हा प्रश्न आला. शकीलभाईंनी एक टोक या व्याह्याच्या हातात दिलं, दुसरं त्या व्याह्याच्या.

"भाई, हे काम आमचं नसते," विलासचे बाबा कुरकुरले.

"फ्रेम रिकामी दिसते, भाऊ. थोडं जवळ सरका. अजून जवळ!"

मी लॅपटॉपवरून मंगलाष्टकं लावली. शेजारच्या बायका नव्या तांदळाच्या अक्षता घेऊन आल्या होत्या. त्यांना रडायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी दोघी-तिघी रडायला लागल्या. अंतरपाट खाली आला. विलासच्या शेरवानीला माइक लावलेला आणि हेडफोन माझ्या कानात. हार घालताना तो पुटपुटला, "तू नोयती तं घरात करमतच नोयतं."

"मंग फोन काऊन नाई केला?" ममता म्हणाली.

मी हेडफोन काढून ठेवला. तो आवाज काही एडिटिंगचा नव्हता. डोळे माझेही भरून आले, लपवत नाही.

मला वाटलं, झालं काम. मी वायरी गुंडाळायला लागले. तेवढ्यात शकीलभाई ओरडले, "चला, आता बिदाईचा शॉट!"

"भाई, बिदाई तर सापडली..." मी म्हणायला गेले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य गिळलं.

विलासकडचे ज्या गाडीने आले होते, तिने शाळेजवळच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच शॉट होता. विलासचे बाबा पुढे बसले, नवरा-नवरी मागे. ममताने घरातून बॅग आणली. शॉटसाठी रिकामी बॅग चालली असती. मोरूभाऊ ती डिकीत टाकायला गेले आणि वाकलेच. "बापरे, जड हाये वो!"

आई गळ्यात पडली, बाबांनी डोक्यावरून हात फिरवला, गाडी निघाली. मोरूभाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावून तिला वळणापर्यंत सोडलं. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही उभे. चहा आला, चहा पिऊन झाला. कोंबड्या अक्षता टिपायला लागल्या. रस्ता रिकामाच.

ममताचे बाबा शकीलभाईंजवळ आले. "भाई, गाडी वापस याची होती ना? काऊन नाई आली?"

शकीलभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मी अजून कट कुठी म्हनलं?"