मापाऱ्याच्या डगल्याची चौथी टीप

वजनमापाच्या कचेरीतून दुकानदारांचे काटे तपासायला जे गृहस्थ हिंडायचे, त्यांना अख्खा बाजार काटेकोरराव म्हणायचा, आणि तेही अगदी तोंडावर. त्याचा त्यांना राग नव्हता, उलट खुशीच वाटायची. हातातली पितळी वजनांची पेटी नुसती दिसली तरी दुकानदार गल्ल्यावर ताठ बसायचे. एकदा एका भंगारवाल्यानं पारड्याच्या बुडाला च्युइंगम चिकटवलं होतं. काटेकोररावांनी ते सुरीनं खरवडलं, कागदावर घेऊन जोखलं आणि म्हणाले, "साडेतीन ग्रॅम. चावायचंच होतं तर नीट चावायचं तरी!" भंगारवाल्याला हसावं की रडावं कळेना.

घरीही तीच तऱ्हा. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी घास अडायचा. त्यांची बायको बँकेत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची, त्यामुळे तिच्या अंगी भलता सोशिकपणा. शेजारणीला म्हणायची, "आमच्याकडे मीठसुद्धा घाबरत घाबरत पडतं बाई!"

अशा माणसाला छंद कसला, तर जुन्या काळचे कपडे शिवायचा. लहानपणी आत्याच्या मांडीशी बसून सुईत दोरा ओवून द्यायचे, ते वेड पन्नाशीतही उतरलं नव्हतं. रविवारी सकाळी अकरा ते चार मागच्या खोलीचं दार लोटायचं. खोलीत एक लांब टेबल, एक खिडकी, खिडकीखाली सायकलींचा स्टँड. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाची बरसाती तिथं शिवून झाली, खलाशाचा सदरा झाला, न्यायाधीशाचा झगा झाला. तो झगा घालून एका सकाळी ते कुंड्यांना पाणी घालत होते, तर दूधवाला फाटकाशीच उभा राहून हात जोडून म्हणाला, "साहेब, पाणी मी घालत नाही हो दुधात, मालक घालतो!" ही गोष्ट त्यांनी कचेरीत इतक्यांदा सांगितली, की तिथला शिपाई आधीच हसून घ्यायचा आणि कामाला लागायचा.

नियम एकच. जसं मूळ, तसंच शिवायचं. मुळात चूक असेल तर चुकीसकट.

गावच्या संग्रहालयात कपड्यांच्या दालनावर एक बाई होत्या, पांढरे हातमोजे घालणाऱ्या आणि हळू बोलणाऱ्या. काटेकोररावांना त्या बुधवारी दुपारी आतल्या खोलीत बसून मापं घेऊ द्यायच्या. एका बुधवारी त्यांनी तळचा खण ओढला आणि म्हणाल्या, "हे बघा, तुमच्याच धंद्यातला आहे."

तो एक डगला होता, गुडघ्यापर्यंत लांब, मातकट रंगाचा. दोनशे वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारावर एक मापारी होता, त्याचा. माणसाबद्दल एवढंच ठाऊक होतं. नाव नाही, गाव नाही.

काटेकोररावांचा जीव त्या डगल्यावर जडला. आपणही मापारी, तोही मापारी. चार बुधवार बसून त्यांनी वहीत शिवण न् शिवण उतरवून घेतली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शिंपी लोक शिवणीच्या आत थोडं जादा कापड राखतात, त्याला माया म्हणतात. माणूस सुटला की सैल करायला उपयोगी पडते. या डगल्याच्या मायेत सुईच्या भोकांच्या रांगा होत्या. डगला पुन्हा पुन्हा उसवून दोन-दोन बोटं आत घेतला होता. एकदा, दोनदा, तीनदा. चौथी टीप अजून जागच्या जागी होती.

"झडत गेला असणार बिचारा," बाई म्हणाल्या. "आणखी एक सांगू? घामाचे डाग तिसऱ्या टिपेपर्यंतच आहेत. चौथ्यांदा आत घेतला, पण त्यानंतर तो कुणाच्या अंगावर चढलाच नाही."

काटेकोररावांनी हे वहीत लिहून घेतलं. डाग कुठून कुठपर्यंत, तेही पट्टी लावून.

डगला शिवायला तीन महिने लागले. मायेत भोकं हवीत, म्हणजे टिपा खरोखरच घालायला हव्यात, उसवायला हव्यात आणि पुन्हा आत घ्यायला हव्यात. शिवाय प्रत्येक टिपेनंतर काही दिवस तो अंगावर वागवायला हवा, तरच कापड मुळासारखं मुरणार. आधी सैल डगला घातला, तर अंगाला चोख बसला. काटेकोररावांचं वजन तेव्हा एक्क्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम. पोट पुढं आणि माणूस मागं अशी चाल.

मग पहिली टीप. दोन बोटं आत. वास्तविक बटणं लागायलाच नको होती. रविवारी घालून बघितला, तर लागली. जराही न ओढता लागली. काटेकोररावांना केवढा आनंद! बायकोला हाक मारून म्हणाले, "बघ, अंगावर ओतल्यासारखा बसला."

"मग आत घेतला तो कशाला?" ती म्हणाली.



दुसऱ्या टिपेनंतर विजार घसरायला लागली. पट्ट्याला खिळ्यानं भोक पाडावं लागलं. कचेरीत पोती जोखायचा मोठा काटा होता, त्यावर ते उभे राहिले. सत्तर किलो चारशे ग्रॅम. काटेकोरराव खाली उतरले आणि त्यांनी पहिला संशय घेतला तो काट्यावर. वीस-वीस किलोची शिक्क्याची वजनं शिपायाकडून चढवून घेतली. वीसला वीस, चाळीसला चाळीस, साठला साठ. काटा साफ होता.

"साहेब, तुम्हीच कमी भरताय," शिपाई म्हणाला. "दंड कुणाला करायचा?"

सगळे हसले. काटेकोरराव हसले नाहीत.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, पोटावर टिचक्या मारल्या. कुठं काही सापडलं नाही. भूक चांगली, झोप चांगली, आणि माणूस मात्र शिवणीशिवणीनं आत चाललेला. शहाण्यानं तिथंच हात आखडता घेतला असता. पण अर्धवट काम टाकायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी मनाची समजूत घातली की वयोमानानं होतं असं, आणि तिसरी टीप घातली. काटा एकोणसाठ किलो नव्वद ग्रॅमवर थांबला. डगला अंगाला चोख बसत होता.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा! डगला मागच्या खोलीच्या दारामागं खुंटीला टांगलेला असायचा. रिकामा कपडा खुंटीवर कसा पडतो, खांद्यातून मोडून, पोटाशी चिपाड होऊन. हा तसा पडत नव्हता. छाती फुगलेली, बाह्या गोल, डावा खांदा जरासा खाली. दुपारचं लख्ख ऊन खोलीत आणि त्या उन्हात तो भिंतीपासून वीतभर पुढं आलेला. बायको कपडे वाळत घालायला त्या खोलीतून जायची, ती आता परसातून वळसा घालून जायला लागली.

एकदा थांबून म्हणाली, "तुमच्यापेक्षा त्यानंच बाळसं धरलंय."

 मग तिनं विचारलं, "अहो, अजून किती टिपा आहेत?"

"एक."

"आणि ती घातल्यावर त्या मापाऱ्याचं काय झालं?"

काटेकोररावांनी वही उघडली नाही. त्यांना पाठ होतं.

"मला तुमचा डगला नको आणि तुमचा छंदही नको," ती म्हणाली. तक्रारी ऐकणाऱ्या बाईचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "मला तुम्ही हवेत. होते तेवढे. ढेरीसकट!"

काटेकोरराव उठले, कात्री घेतली, डगला टेबलावर पसरला. "आत्ता उसवतो," म्हणाले. "तिसरी टीप उसवतो आणि गाठोडं बांधून माळ्यावर टाकतो." रविवारची दुपार होती. खिडकीखाली कुणी तरी सायकलीत हवा भरत होतं, त्या पंपाचा फुस्स-फुस्स आवाज येत होता. ते मान खाली घालून मन लावून काम करत राहिले. बगलेपासून खाली, एकेक टाका.

बायको चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"अहो, हे काय करताय?"

"दिसत नाही का? उसवतोय."

"हातात बघा तुमच्या."

त्यांनी बघितलं. कात्री टेबलाच्या त्या टोकाला होती. हातात सुई होती, सुईत दोरा होता आणि डाव्या बाजूची चौथी टीप कमरेपर्यंत आली होती. बारीक, सरळ, एकासारखा एक टाका. इतकी सुरेख हातटीप त्यांच्या हातून जन्मात पडली नव्हती. पंपाचा आवाज थांबलेला होता, कधी थांबला ते त्यांना सांगता आलं नसतं. डाव्या बरगडीखाली काही तरी आवळल्यासारखं झालं आणि श्वास अर्ध्यावर अडला.

सुई खाली ठेवायची म्हटलं तरी बोटं सोडेनात. बायकोनं एकेक बोट उचलून ती काढून घेतली.

"मी उसवायला बसलो होतो गं," ते म्हणाले. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"मग मी उसवते."

"उसवून भागायचं नाही. भोकं तशीच राहणार. माझा हात पुन्हा त्याच भोकांतून जाईल, त्याला वाट सापडलीय." मग उभ्या आयुष्यात जे कधी म्हणाले नव्हते ते म्हणाले, "त्यात असं काही तरी घाल, जे मुळात नाही. दोन्ही बगलांत कळ्या घाल, जादा कापडाचे तुकडे. डगला सैल होईल. पण तूच घाल. मी घातल्या तर बरोबर पडतील."

आता, तिचं शिवणकाम म्हणजे काय सांगावं! तिनं लावलेलं बटण पायरी उतरेपर्यंत टिकलं तर नशीब. एरवी तिच्या हातात सुई दिसली की काटेकोरराव खोलीबाहेर जायचे. त्या दिवशी ते खुर्चीत बसून राहिले, पोटावर हात दाबून. तिनं कराकरा तिसरी आणि अर्धवट चौथी, दोन्ही टिपा उसवल्या. मातकट कापड शोधायला वेळ कुणाला होता? स्वयंपाकघरातल्या खिडकीचा हिरव्या पानांचा पडदा ओढून काढला आणि त्यातून दोन तुकडे कापून घेतले. डावा मोठा झाला, उजवा लहान. मापानं कधी कापलं होतं तिनं? टाके बोट-बोट लांबीचे, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. शिवताना ती सारखी बडबडत होती, पण नवऱ्याशी नाही. दात आवळून त्या कापडालाच म्हणत होती, "घे, जाडा हो. खा, पी, ढेकर दे, जाडा हो."

दुसरी कळी बसली तेव्हा चार वाजायला आले होते. काटेकोररावांना एकदम मोठा श्वास आला आणि त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी, "डावी कळी मोठी झालीय का गं?"

"झालीय. मग?"

"काही नाही. छान आहे."

पुढच्या सोमवारी काटा साठ किलो आठशे दाखवत होता. महिनाभरात सदुसष्ट. शिपाई म्हणाला, "साहेब, आता माप भरायला लागलं."

अंगात ताकद आल्यावर ते एका बुधवारी संग्रहालयात गेले. मापाऱ्याचा निरोप घ्यावा, एवढाच विचार होता. बाईंनी हातमोजे चढवले, तळचा खण ओढला, डगला टेबलावर उलगडला. काटेकोररावांनी टेबलाची कड घट्ट धरली.

बगलांत कळ्या होत्या. डावी मोठी, उजवी लहान. डगल्याच्या कापडाहून निराळं कापड, विटून राखेच्या रंगाचं झालेलं. पण वाकून उजेडात धरलं की पानांची नक्षी दिसत होती. टाके बोट-बोट लांब, एक इकडे, एक तिकडे.

"ह्या... ह्या कधी घातल्या?"

"कळ्या ना? पहिल्यापासून आहेत की. तुम्ही चार बुधवार इथंच तर बसला होतात." बाईंनी जुनी नोंदवही काढून पानावर बोट ठेवलं. शाई तपकिरी झाली होती. बाईंच्या जन्माआधीचं अक्षर होतं ते. *दोन्ही बगलांत परक्या कापडाच्या कळ्या. शिलाई अडाणी.*

"पण तुम्हीच म्हणालात, तिसऱ्या टिपेनंतर अंगावर चढलाच नाही."

"मी? असं कसं म्हणेन मी? हे बघा ना, कळ्यांवर घामाचे डाग आहेत. एकावर एक, कितीतरी वर्षांचे. चांगला सुटला असणार माणूस. डाव्या अंगाला जरा जास्तच."

काटेकोररावांनी आपली वही उघडली. त्यांच्या हातचं चित्र, पट्टीनं आखलेलं, बिनचूक. त्यात कळ्या नव्हत्या. चौथी टीप होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी म्हणाली, "अडाणी? असं लिहिलंय? कोण मेला तो लिहिणारा?"

"मेलाच असेल गं. जुनी नोंद आहे."

मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत बसली. कापलेला पडदा तिनं तसाच परत लावला होता. दोन भोकांतून पलीकडची भिंत दिसत होती, मोठ्यातून जास्त, लहानातून कमी.

"म्हणजे जगला म्हणायचा तो," ती म्हणाली.

न तोलता कशालाही हो म्हणायची सवय नसलेले काटेकोरराव म्हणाले, "हो."

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. खुंटीला डगला होता, खांद्यातून मोडून, पोटाशी चिपाड होऊन लोंबत. काटेकोररावांनी पट्टा एक भोक सैल केला, वही काढली आणि चित्रात कळ्या भरायला घेतल्या. डावी मोठी, उजवी लहान, आणि टाके जसे होते तसे, वाकडे.