फ्लॅशवरचा रुमाल

अन्याय झाला एका बौद्ध शेतकरी बाईवर. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी, पोळ्याच्या दिवशी, दुपार कलताना, पारोळा तालुक्यातल्या एका गावच्या तोरणाखाली. नोकरीतल्या किती तरी घटना पुसट झाल्या. ही होत नाही, आणि मी होऊही देणार नाही.

नवरा तापाने अंथरुणावर, म्हणून बैलजोडी सजवून ती स्वतःच घेऊन आली. रिवाजाने पहिली जाणारी मानाची जोडी अजून यायची होती. हिची जोडी तोरणाखालून पुढे गेली. मागून आलेल्या मानाच्या जोडीच्या मालकाने आसूड उगारला, तो बैलांवर नव्हे, हिच्यावर. चेहरा वाचवायला तिने हात आडवे धरले. वळ हातांवर उठले.

मी त्या भागात फौजदार होतो. वर्दी चढण्याआधी धुळ्याला कॉलेजात पत्रकं लिहून वाटायचो. ती भाषा वर्दीखाली दबली, मेली नाही. फिर्याद मी स्वतः लिहून घेतली. दवाखान्याचा दाखला आला : ‘किरकोळ खरचटणे’. साक्षीदार विचारावेत तर मार बसताना अख्खं गाव बैलांकडे बघत होतं. पोळ्याला लक्ष बैलांवर असतं हे मान्य, पण इतकं?

राहिले फोटो. ठाण्याला स्वतःचा कॅमेरा नव्हता. बाजारपेठेतला लग्नाचे फोटो काढणारा बोलावला. मी गावात पंचनाम्याला गेलेलो असताना त्याने ठाण्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत तिच्या हातांचे फोटो काढले. प्रिंट आल्या, तर हात चुन्यासारखे पांढरेफटक. एकही वळ नाही.

वरिष्ठ म्हणाले, “कोर्टात हे दाखवणार? आपसात मिटवायला सांगा त्यांना.”

निरोप म्हणून मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, “बैल मना शेतस, साहेब. तोरण गावनं शे. मी काबर माघार लेऊ?”

तिच्यासोबत सासू आली होती, सगळे तिला अक्का म्हणत. जाता जाता अक्का दारात थांबली. “फोटूवाला लगनमा फ्लॅशवर धवळा रुमाल बांधस. आमना टाईमले त्यानी तो काढीसन खिसामा घाला. मी देखं.”

हीच माझी खबर. जवळून फोटो काढताना फ्लॅशचा पूर्ण झोत कातडीवर पडला, की बारीकसारीक सगळं जळून पांढरं होतं. म्हणून फोटोवाले पांढरा रुमाल बांधून उजेड कमी करत. याने तो मुद्दाम सोडला होता का, एवढंच शोधायचं होतं.

त्याला निगेटिव्हसह बोलावलं. चहा दिला. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्याचं उत्तर आधी देतो, असा माझा अनुभव. त्याने अर्धा कपही संपवला नाही, तोच सुरू झाला.

“साहेब, बाई सावळी. सावळ्या कातडीवर फ्लॅश पूर्ण मारावाच लागतो, नाहीतर काही उठत नाही. कोणालाही विचारा.”

डोकं तापलं, पण हात टेबलावरच ठेवले. निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. हे लोक फिल्म वाया घालवत नसत. लग्नाचा रोल उरला की आमचे फोटो त्याच रोलवर. आमच्या फोटोंच्या आधी कुठल्याशा लग्नाची हळद होती. नवरीचा हात अगदी जवळून टिपलेला, गोंदणाचा ठिपका न् ठिपका स्पष्ट.

“ही नवरी कोण?”

“आमच्याच गल्लीतली.”

“गोरी आहे?”

त्याने कप खाली ठेवला. “नाही, साहेब. सावळीच.”

“मग हिचं गोंदण दिसतं आणि तिचे वळ का दिसत नाहीत? कॅमेरा एक, रोल एक.”

“त्या पट्ट्यातली सगळी लग्नं माझ्याकडे आहेत. आसूडवाल्याने सांगितलं, गावात पुन्हा कॅमेरा घेऊन यायचं असेल तर फोटो पांढरे येऊ दे. रुमाल खिशातच होता, साहेब.”

जबाब नोंदवला, निगेटिव्ह पंचांसमक्ष जप्त केल्या. फ्लॅश जास्त झाला की निगेटिव्ह दाट काळी होते. पण त्या काळोखात खुणा शिल्लक असतात. जळगावला एका डार्करूममध्ये जास्त वेळ उजेड देऊन नव्या प्रिंट काढून घेतल्या. ट्रेमधल्या कागदावर आधी हात उमटले, मग एकेक वळ. मी शेजारी उभा होतो.

दोषारोपपत्राला त्याच प्रिंट जोडल्या. आरोपीला शिक्षा झाली. पुढच्या पोळ्याला बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. नवरा बरा होता, तरी कासरा तिच्याच हातात होता. वळांच्या फिक्या खुणा तिने पदराने झाकल्या नाहीत.

या तपासाने मला एक शिकवलं. पुरावा लपवायला अंधारच लागतो असं नाही. भर उजेड पाडूनही तो लपवतात, वर दोष कातडीच्या रंगावर ढकलतात. ‘फोटोत काही दिसत नाही’ म्हणणाऱ्याला तेव्हापासून मी विचारत आलो : फोटो काढला कोणी, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

आता डिजिटल कॅमेऱ्यात फ्लॅश कमी करायला बटण आहे; रुमालही लागत नाही. मार खाल्लेला माणूस तुमच्यासमोर उभा राहिला, तर ते बटण दाबा. फ्लॅश उतरवा, बाजूने उजेड घ्या, वळ दिसेपर्यंत फोटो काढा. मूळ फोटो कोणाच्याही हवाली करून मोकळे होऊ नका. आणि साक्षीला बोलावलं, तर मी बैलांकडे बघत होतो म्हणू नका.