कस्तुराबाई आधी खाते

दयानंद अहमदपूरच्या मोंढ्यात हमाल होता. सोयाबीनचं पोतं उचलताना त्याची कंबर गेली आणि तो खाटेला लागला, तेव्हापासून घर कस्तुराबाईच्या हातावर आलं. नवरा, म्हातारा सासरा अण्णाराव आणि आठवीतली शिवांगी, एवढ्यांची तोंडं तिला भरायची होती. लग्नसराईत ती मंगल कार्यालयात भांडी घासायची, एरवी मिळेल त्याच्या रानात खुरपायला जायची.

पुरवून खायची विद्या तिच्याजवळ होती. शिळ्या भाकरीचे ती कुटके करायची. उरल्या भातात ज्वारीचं पीठ, तिखट नि कांद्याची पात मळून धपाटे थापायची. डाळ संपली की भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाचं येसर पाण्यात कालवून आमटी उकळायची. मसाला असा झणझणीत लावायची की पातळपणा जिभेला कळू नये. पोटाला मात्र कळायचा. पहाटे शिवांगी पाणी पिऊन परत पडायची, ते कस्तुराबाई अंथरुणातून ऐकायची.

कार्यालयाचा आचारी शिवमूर्ती पंगती उठल्यावर हाक मारायचा, "कस्तुराबाई, बादली आणा." मग वरण, भात, पुऱ्या, असेल ते मिळायचं. पुऱ्या ती पत्र्यावर वाळवायची, कुटून डब्यात भरायची. पावसाळ्यात काम नसलं की तोच भुगा उकळत्या पाण्यात सोडून वरून फोडणी.

मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणजे शिवांगीची दुपारची खिचडीही बंद. त्या दिवसांत एका मोठ्या लग्नातून बादलीभर वरण मिळालं. लग्न दुपारचं होतं, पण भांड्यांचा ढीग उपसून घरी यायला दिवस मावळला. झाकण काढलं तर वर बारीक फेस. तिनं वास घेतला. आंबूस होता, पण फार न्हाई. घरात दुसरं काही नव्हतं. तिनं वरण चुलीवर ठेवून खळखळ उकळलं, त्यात गुळाचा खडा टाकला, वरून लसणाची फोडणी दिली.

अण्णारावांनी भुरका मारला. "कस्तुरा, आज लई चव हाय गं. अजून वाढ."

"घ्या ना मामा," ती म्हणाली आणि तिनं पळीभर वाढलं.

रात्री सगळ्यांनाच उलट्या-जुलाब लागले. दयानंद खाटेवरून उतरू शकत नव्हता, त्याचं सगळं तिनं स्वतः पोट धरत काढलं. शिवांगीनं दोनदा डोळे फिरवले. उजाडल्यावर शेजारच्या ज्योत्स्नानं रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यात सलाइन लावल्यावर तिघं सावरले. म्हाताऱ्याच्या अंगात तेवढं पाणीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णाराव गेले.

मातीला आलेली नणंद मल्लम्मा अंगणातच ओरडली, "गटारात ओतायचं माझ्या बापाला घातलंस!" आंबूस वास कस्तुराबाईच्या नाकात अजून होता. गूळ तिनं का टाकला, हे तिलाच ठाऊक होतं. दयानंदनं तिला एक शब्द विचारला न्हाई, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जड गेलं.

बादली तिनं ज्योत्स्नाला देऊन टाकली. पावसाळा खुरपणीवर निघाला, पुढं सोयाबीनची काढणीही झाली. शिवांगी नववीत गेली. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच, त्यामुळं आता दोन्ही वेळा घरचंच. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली. तुळशीची लग्नं लागली, कार्यालयात सनई वाजायला लागली, आणि भांडी घासून परतताना शिवमूर्तीनं पुन्हा हाक मारली. कस्तुराबाई थबकली.

"चांगलं हाय का?"

"आत्ताच उतरवलंय. पर बाई, घरी नेल्यावर काय व्हतंय ते माझ्या माथी न्हाई."

तिनं घासलेल्यातलं एक पातेलं पुढं केलं.

घरी आल्यावर तिनं कुणालाच वाढलं न्हाई. स्वतः घासभर भात आणि भाजी खाल्ली, भिंतीला टेकून बसली. दयानंद खाटेवरून बघत होता. शिवांगी रिकामं ताट मांडीवर घेऊन आईच्या तोंडाकडं बघत होती. बऱ्याच वेळानं कस्तुराबाई उठली आणि म्हणाली, "घ्या आता." तेव्हापासून तोच रिवाज पडला. आणलेलं अन्न आधी ती खायची, घर उपाशी थांबायचं, मग पंगत.

पौषाच्या आधीचं शेवटचं लग्न होतं. पातेलं ठेवून ती हातपाय धुवायला गेली. परत आली तर वांग्याच्या भाजीत बोटांनी उकरलेलं दिसलं. शिवांगीच्या ओठांना तेल होतं.

"भूक धरवली न्हाई व्हय गं?"

शिवांगीनं मान हलवली. "भुकेसाठी न्हाई खाल्लं."

"मग?"

"तू पडलीस तर पप्पाला कोण उठवंल? कामाला कोण जाईल? मी पडले तर तू हायस की."

पोरीनं ते वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. कस्तुराबाईचा हात वर गेला. मारायलाच गेला होता, पण तिनं तो पोरीच्या कपाळावर ठेवला. दयानंदनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याची पाठ हलत होती.

"वांती वाटती का?" कस्तुराबाईनं विचारलं.

"न्हाई."

तिनं पातेल्यातली भाजी घेतली, पोरीनं जिथं उकरली होती तिथलीच, आणि खाल्ली. मग दोघी भिंतीला टेकून बसल्या. बाहेर ज्योत्स्नाच्या घरात टीव्ही चालू होता. शिवांगीनं एकदा पोट चोळलं तशी कस्तुराबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"भूकच हाय माय," शिवांगी म्हणाली.

काही झालं न्हाई. भाजी चांगली होती. त्या दिवशी तिघं पोटभर जेवले.

पोरीला किती दटावलं तरी ती ऐकेना. शेवटी कस्तुराबाईनं सांगणं सोडलं. आता पातेलं आलं की मायलेकी पहिला घास बरोबरच घेतात. दयानंदचं ताट वेळानं वाढतात, तोवर एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसतात.