वेगळा न ठेवलेला सर्व्हर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही.

लातुरात आमच्या घरी मी एका जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला होता. माझी वेबसाईट त्याच्यावरून चालायची. घरबसल्या जगाला साईट दाखवतो — केवढी मिजास होती मला! वेबसाईट-नेटवर्कचंच काम करणारा नांदेडचा एक मित्र बघून म्हणाला होता, "याला घरच्या नेटवर्कपासून वेगळा ठेव. बाहेरचं कुणी यात घुसलं, तर घरातल्या सगळ्या मशीनपर्यंत पोचंल." करतो म्हणालो. केलं नाही. कंटाळा — दुसरं काही नाही.

त्याच वाय-फायवर माझ्या धाकट्या बहिणीचा, प्रज्ञाचा लॅपटॉप होता. पीएचडीसाठी ती जीपनं किल्लारीला जायची, भूकंपातून वाचलेल्या म्हाताऱ्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायची. त्यातल्या दोघी नंतर वारल्या. त्यांचे आवाज उरले ते फक्त तिच्या लॅपटॉपवर, आणि घरच्याच नेटवर्कला जोडलेल्या एका डिस्कवर. ती डिस्क मीच बसवून दिलेली.

एका सकाळी तिनं हाक मारली. एकही फाईल उघडेना. स्क्रीनवर खंडणीची धमकी — पैसे भरा, तरच फाईली उघडतील. डिस्कवरही तेच.

मी काय केलं असेल? तिच्याजवळ बसलो? नाही. आधी सर्व्हर बघितला. कुणीतरी माझ्या साईटमधून आत शिरून तिच्या लॅपटॉपपर्यंत गेलं होतं — साफ दिसत होतं. पलीकडच्या खोलीत ती रडत होती, आणि मी राउटरवर सर्व्हरसाठी वेगळं नेटवर्क करत होतो. मित्रानं सांगितलेलं, तसंच्या तसं. पाऊल वाजलं की स्क्रीन मिटायचो.

ती दारात आली. "दादा, कसं झालं रे हे?"

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का?

"तूच कसला तरी मेल उघडला असशील," मी म्हणालो.

"मी काहीच उघडलं न्हाई रे."

"आठव बरं."

आठव म्हणालो — मी! ती बिचारी आठवत बसली. शेवटी तिला आठवलं, कॉलेजच्या नावानं आलेलं काहीतरी तिनं उघडलं होतं. "तोच असंल," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मान हलवली.

वारलेल्या त्या दोघींच्या घरी जाऊन ती माफी मागून आली. एकटी. मी तिला फक्त बसस्टँडवर सोडलं. पुढं तिनं पीएचडीच सोडली. का, ते घरात कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

आता ती नायगावला शाळेत शिकवते. फोनवर अनोळखी मेल आला की अजूनही आधी मला विचारते, "दादा, हे उघडू का?"

मी नीट बघतो. आणि सांगतो — हाव, उघड.