बेटावरचं इंटरनेट आणि आमचे अप्पा

इकडे तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसातून आम्ही एस्टोनियाचं इंटरनेट सांभाळतो. सगळ्या देशाचं नाही, तिथल्या एका लहानशा कंपनीचं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मला तो देश नकाशात शोधावा लागला होता. देश एवढासा, पण करभरणा, डॉक्टरांची चिठ्ठी, मतदान, सगळं तिथे घरबसल्या होतं. त्यामुळे लाइन गेली की माणूस खरोखरच अडतो.

मी नोकरीला लागले तेव्हा तिथल्या खेड्यांपर्यंत नुकती फायबर पोहोचत होती. एकेक गाव जोडलं जाताना मी पडद्यावर बघत असे. एकही गाव पाहिलेलं नाही, तरी नावं मात्र तांबरमला जाणाऱ्या आमच्या लोकलच्या स्टेशनांसारखी पाठ झाली.

एका बेटावर फायबर गेली नव्हती. समोरच्या किनाऱ्यावरून रेडिओलहरींनी इंटरनेट जायचं. बेटाच्या धक्क्यावरच्या गोदामावर त्या लहरी पकडणारी तबकडी बसवली होती. तिथल्या वाचनालयाच्या बाई मला फोन करायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच जपून बोललेलं, म्हणून आमचं छान जमायचं.

"सकाळी एकदा जातं, संध्याकाळी एकदा. मग आपोआप येतं," त्या म्हणाल्या. "लोक डॉक्टरांच्या चिठ्ठ्या छापून घ्यायला माझ्याकडे येतात आणि नुसते बसून राहतात."

तिथला इंजिनिअर दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा त्याला सगळं ठीक दिसलं. मी महिनाभर आकडे चाळत बसले, काही हाती लागेना.

शेवटी घरी अप्पांना सांगितलं. अप्पा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आम्ही मूळचे तंजावरचे. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द मिसळलेले असतात आणि वाक्याचा हेलही तमिळच. त्यांनी ताकभाताचं ताट बाजूला सारलं.

"रोज त्याच वेळेला जातंय?"

"जवळपास. रविवारी उशिरा."

"सरी, बरं. मग बिघाड यंत्रात नाही. मध्ये काहीतरी येऊन उभं राहतंय. तिकडे कप्पल केव्हा येते, विचारलंस?"

कप्पल म्हणजे बोट. मी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या बोटीचं वेळापत्रक काढलं आणि लाइन गेल्याच्या वेळा शेजारी मांडल्या. मिनिटांचाच फरक. बाईंना फोन लावला.

"बोट धक्क्याला लागते तेव्हा तबकडीच्या समोर उभी राहते का हो?"

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या मुलीने मान वळवली.

"अहो, इंजिनिअरसुद्धा त्याच बोटीने येतो! तो टेकडी चढून माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर बोट निघून गेलेली असते."

आठवड्याभरात तबकडी शाळेच्या उंच छपरावर गेली. ऑफिसात माझं कौतुक झालं. मी अप्पांचं नाव सांगितलं, पण साहेबांना ती थट्टा वाटली.

बाईंनाही अप्पांचं सांगितलं, त्यांना मात्र थट्टा वाटली नाही. त्यांना अप्पांचे आभार मानायचे होते, म्हणून एका शनिवारी दुपारी घरूनच व्हिडिओ कॉल लावला. अप्पा इस्त्रीची वेष्टी, म्हणजे धोतर, नेसून, विभूती लावून अर्धा तास आधीच येऊन बसले. बाईंनी फोन फिरवून वाचनालय दाखवलं: खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ डॉक्टरांशी पडद्यावरून बोलत होते, एक बाई परगावच्या मुलीला विणलेला स्वेटर दाखवत होती. अप्पा चष्मा पुसून पडद्याजवळ वाकले. त्यांच्या काळात एका घराला फोन मिळेपर्यंत घरातली पोरं मोठी होऊन जायची.

"तुम्ही खांबावर चढायचात?" बाईंनी विचारलं.

"येस मॅडम. मोस्ट्ली इन रेन," अप्पा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

मग वादळात पडलेले खांब, केबलच्या पेटीत निघालेला साप, असं सगळं सुरू झालं. बाई वही घेऊन बसल्या होत्या. माझी तिथे काही गरज उरली नव्हती. मी आत जाऊन रसम चढवलं आणि कढीपत्ता आणायला खाली उतरले.