मळहात

२०२३ साल. मी बासष्ट वर्षांचा. वर्कशॉपच्या साहेबांनी माझं मनगट धरून हात वर केला. समोर काम शिकायला आलेले दहा-बारा जण. "देखो. नहीं पढ़ोगे तो ऐसे हाथ होंगे." सगळे हसले. माझा हात हवेत. मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवतात, तसा.

हात तसेच आहेत. चाळीस वर्षं ॲसिडच्या बॅटऱ्या उघडल्या. नखं पिवळी, कातडी फाटलेली. तिसरीत शाळा सुटली. मग ई-रिक्षा आल्या, लिथियमचे पॅक आले. तेही शिकलो. कोणी शिकवलं नाही. पॅक चार्जिंगला लावायचा आणि एकेका सेलवर मळहात ठेवायचा. मळहात म्हणजे हाताची पाठ. तळहात राठ, त्याला काय कळणार. मळहाताला कळतं. तापलेला सेल लपत नाही.

इंदूरमधल्या स्नेहलतागंजच्या त्या वर्कशॉपात मी अकरा वर्षं होतो. साहेब पुण्याहून आले तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. आपला मराठी माणूस. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून हसले. "काका, 'करून राहिलो' ही कुठली मराठी?" मीही हसलो. काका म्हणाले ना. मग आडनाव विचारलं. सांगितलं. आमचे पणजोबा फौजेबरोबर इंदूरला आले, घोड्यांची खोगिरं शिवायचे. चामड्याचं काम. आडनावातच सगळं येतं.

तेव्हापासून साहेब माझ्याशी हिंदीत बोलू लागले. काउंटरवरच्या जोशीबाईंशी मराठी. माझ्याशी हिंदी. काका गेलं, 'ए बुड्ढे' आलं. आठ महिने.

हात दाखवला त्याच दुपारी एक पॅक आला. भंवरकुआंच्या शबानाबीच्या रिक्षाचा. ती शाळेची मुलं नेते. मळहात ठेवला. चौदावा सेल तापलेला, बाकी थंड. साहेबांना म्हणालो, हा जाऊ देऊ नका, पेटेल. मीटरमध्ये ठीक आहे म्हणाले, गाडी उद्या सकाळी द्यायचीय.

मग कागद आणला. इंग्रजी. सोबत शाईचा पॅड.

"अंगूठा लगा."

मला सही येते, म्हणालो.

"साइन पढ़े-लिखे करते हैं."

माझा अंगठा धरून शाईत दाबला. कागद कशाचा, विचारलं. हजेरीचा, म्हणाले. मला इंग्रजी येत नाही. आकडे येतात. कागदावर त्याच पॅकचा नंबर होता. मुलं जळाली असती, अन् पॅक तपासला म्हणून खाली अंगठा माझा. जोशीबाई शेजारीच होत्या. त्यांना वाचता येत होतं. त्या खाली बघू लागल्या.

मी हात ओढून घेतला. शाईचा अंगठा साहेबांच्या पांढऱ्या शर्टाला पुसला. छातीवर. सावकाश.

"आता मराठीत बोला," म्हणालो. "मराठीत विचारा, पॅक कसा आहे."

ते ओरडले नाहीत. हळू आवाजात मराठीत म्हणाले, "तुमच्या लोकांना आत घेतलं की असंच होतं."

आठ महिन्यांनी माझ्याशी मराठी बोलले. ती ही.

मी ब्रश घेतला. पॅकच्या झाकणावर लाल रंगाने लिहिलं, चौदावा सेल खराब. खाली माझं पूर्ण नाव. कोणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोचलो. रंग थिनरने पुसलेला. पॅक रिक्षात बसवलेला. शबानाबी चावी लावून राहिली होती. मी चावी काढून घेतली. तिला सगळं सांगितलं. ती उतरली, मुलांच्या घरी फोन करू लागली, आज गाडी नाही. मी सीट उचलली. खिळा घेतला, हातोडी घेतली, आणि झाकणाच्या पत्र्यात कोरायला बसलो. साहेब दारात उभे होते. शर्ट दुसरा.

आधी आडनाव कोरलं. सेलचं नंतर.