टोल वाजला तेव्हा मी हसले

४ ऑगस्ट. शाळेमागच्या नळावर खिचडीचं पातेलं घासत होते. तळाला करपलेलं सुटत नव्हतं. शिपाई बाळू आला. "मावशी, चल लवकर. अध्यक्ष आलेत. तुझी पोरगी पण तिथंच हाय."

हात पदराला पुसले आणि गेले.

ऑफिससमोरच्या ओट्यावर शाळेचा टोल टांगलेला आहे. रुळाचा तुकडा, आणि मारायला लोखंडी गज. त्याच्या शेजारी माझी दर्शना उभी होती. पंधरा वर्षांची. दहावीत. समोर खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष, बाजूला हेडमास्तर. शाळेची जमीन अध्यक्षांच्या घराण्याची. ते नसले तरी ती खुर्ची रोज पुसली जाते.

अध्यक्षांच्या हातात दर्शनाचा दवाखान्याचा कागद होता. तो मीच सकाळी हेडमास्तरांना दिला होता. मूळ कागद, झेरॉक्स न काढता. वाटलं, शिकलेली माणसं आहेत, समजून घेतील.

"ऑटिझम," अध्यक्षांनी वाचलं. "आवाज सहन होत नाही म्हणे. बघू तरी. बाळू, दे एक."

बाळूने गज हाणला. दर्शनाने कान गच्च दाबले आणि खाली बसली. पुढेमागे झुलू लागली.

"अजून एक."

दुसरा टोल. तिच्या तोंडून बारीक आवाज निघत राहिला.

"अरे, ही तर रिमोटवर चालते!" अध्यक्ष हसले. हेडमास्तर हसले. बाळू हसला.

मी पण हसले.

नऊ वर्षं तिथे खिचडी शिजवतेय. साहेब हसले की आपण हसायचं, हे अंगात मुरलेलं. हसू आपोआप आलं.

मग हेडमास्तरांनी एक अर्ज पुढे केला. शाळेतून दाखला काढून घेत असल्याचा. सगळं लिहून तयार, माझी सही तेवढी बाकी.

"मावशी, हिचा दाखला काढा. सतरा नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून बसेल परीक्षेला."

फाटकावर बोर्ड आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के. तो शंभर कसा राहतो ते मला माहीत होतं. नापास होतील असं वाटतं ती पोरं दरवर्षी अशीच बाहेर काढतात. बहुतेक आमच्याच वाडीची. त्यांच्या आया सही करून जाताना मी पाहिल्यात. त्या पोरांना मी वाढलं होतं. एकदाही तोंड उघडलं नाही.

"तुमच्या वाडीतल्या पोरींना दहावी होऊन कुठे कलेक्टर व्हायचंय?" अध्यक्ष म्हणाले. "आणि खिचडीचं काम ठेवायचंय ना तुला?"

"उद्या सांगते," म्हणाले. अर्ज घेतला, लेकीला उठवलं, घरी आणलं.

मी तरी आधी काय केलं होतं? पोरगी नजर देत नाही, एकटीच पुटपुटते, म्हणून टोकावड्याकडे एका भगताला दाखवली. त्याने धुरात बसवून तिच्या कानाशी घुंगरू वाजवले. ती किंचाळली. तो म्हणाला, "बघ, आतलं बोलतंय." मी मान डोलावली. शहापूरला माझी बहीण सरकारी दवाखान्याकडून आशाताईचं काम करते. ती येऊन भांडली. "भूतबित काय नाय गो लागलेलं. तू त्या भगताचा नाद सोड आता, पोरीला डॉक्टरला दाखव." तीन खेपा ठाण्याच्या दवाखान्यात झाल्या. डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं. हा वेडेपणा नाही, नाटक नाही. ती जन्मापासून अशीच आहे. आवाज तिला विस्तवासारखा लागतो. परीक्षेला जादा वेळ मिळतो, मागायचा. शाळा सोडवू नका.

त्या संध्याकाळी टाकळ्याची भाजी निवडत बसले होते. दर्शना माझ्याकडे न बघता म्हणाली, "अध्यक्ष हसले. सर हसले. बाळूदादा हसला. आई, तू हसलीस."

रडली नाही. चिडली नाही. हजेरी घ्यावी तशी चार नावं घेतली.

नाइलाज होता, असं म्हणणार होते. पण पोरीला चटके बसत होते आणि मी चटके देणाऱ्यांच्या रांगेत उभी होते. तिथून मला हाताला धरून कोणी बाहेर काढणार नव्हतं.

बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "रडू नको. अर्ज लिही, दोन कागद कर. एक मुरबाडच्या शिक्षण ऑफिसात द्यायचा, दुसऱ्यावर शिक्का मारून घ्यायचा. पोच घेतल्याबिगर तिथून हलायचं नाय."

मी सातवी शिकलेली. अर्ज तीनदा लिहिला. टोलाचं लिहिलं. रिमोटचं लिहिलं. मी हसले तेही लिहिलं.

सकाळी शाळा भरायच्या अर्धा तास आधी पोचलो. दर्शनाला वर्गात तिच्या बाकावर बसवलं आणि ऑफिसात गेले. त्यांचा अर्ज सही न करता हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला.

"हिला का काढताय ते लिहून द्या. सही-शिक्क्याने. आणि माझ्या लेकीचा कागद परत द्या."

"मावशी, खिचडीचं काय?"

खिचडी वाढायची पळी बरोबर आणली होती. ती अर्जावर ठेवली. "दुसरी बाई बघा."

त्यांनी लिहून काही दिलं नाही. कागद मात्र दिला.

वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. पोरं जमली होती. ओट्यावर बाळू गज हातात धरून माझ्याकडे बघत थांबला.

"दे," मी म्हटलं.

शाळा भरल्याचा टोल पडला. दर्शनाने कान दाबले, डोकं बाकावर टेकवलं. मी एकेक तोंड बघत होते. पोरांची, सरांचं, बाळूचं. कोणी हसलं नाही.

तिने हात खाली घेतले आणि वही उघडली. मग मी मुरबाडची एसटी धरली.